जूनमध्ये पेरलेला झेंडू दसऱ्याला का फुलत नाही?

प्रश्न : आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. गच्चीवर ऊन भरपूर आहे. गेल्या दसऱ्याच्या तोरणातली झेंडूची फुलं वाळवून ठेवली होती, ती जूनच्या पहिल्या पावसात कुस्करून आठ कुंड्यांत टाकली. प्रत्येक कुंडीत एकेक जोमदार रोप ठेवलं. रोपं आता कमरेच्या वर गेलीत, पानं गर्द हिरवी आहेत, पण फूल एकही नाही. दोन रोपांना कळ्या आल्या आणि त्यातल्या काही काळ्या पडून वाळल्या. गेल्या आठवड्यात वेगळ्याच दोन रोपांनी एका दिवसात माना टाकल्या, पाणी घातलं तरी उठली नाहीत. माती घरामागची काळी आहे. दर आठवड्याला चहाचा चोथा घालते आणि जाऊबाईंनी सांगितलं म्हणून दोनदा चिमूटभर युरियाही दिला. दसऱ्याला घरच्या झेंडूचं तोरण लावायचं फार मनात आहे. काय करू?

उत्तर :

ताई, माना टाकलेली दोन रोपं सोडली तर बाकीच्या सहांमधून अजून फुलं मिळतील. यंदा (२०२६) दसरा २० ऑक्टोबरला आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मोजलं तर हातात साधारण साडेसहा आठवडे आहेत. म्हणून या आठवड्यात काय करायचं ते आधी सांगतो. असं का झालं आणि पुढच्या वर्षी पेरणी कधी करायची ते नंतर.

पहिलं म्हणजे युरिया आणि चहाचा चोथा दोन्ही आजपासून बंद. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं. शेतात ते एकरावर पसरतं, कुंडीत मात्र चिमूटभर युरियाही आठ-दहा किलो मातीत अडकून राहतो. नत्र जास्त झालं की झेंडू पानं आणि दांडा वाढवत बसतो आणि कळी धरणं पुढे ढकलतो. पानांचा तो गर्द रंग त्याचीच खूण आहे. चोथ्यातून नत्र थोडंच मिळतं, पण त्यातल्या दूध-साखरेमुळे मुंग्या आणि चिलटं येतात आणि ओल्या चोथ्याचा थर मातीचा वरचा भाग वाळू देत नाही. चोथा वाया घालवायचा नसेल तर धुऊन, वाळवून कंपोस्टच्या डब्यात टाका, थेट बुंध्याशी नको.

दुसरं काम शेंड्याचं. ज्या दोन रोपांना कळ्या लागल्या आहेत त्यांना हात लावू नका. उरलेल्या चारांचा फक्त वरचा दोन-तीन इंचाचा कोवळा शेंडा पानाच्या जोडीच्या जरा वर नखाने खुडा. त्याखाली, जिथे पान दांड्याला चिकटतं तिथून, आठवड्या-दहा दिवसांत बगलफूट सुरू होईल आणि प्रत्येक फुटव्याच्या टोकाला कळी येईल. हे काम याच आठवड्यात उरका. शेंडा खुडल्यापासून फुलं मिळेपर्यंत झेंडूला साधारण सहा आठवडे लागतात, म्हणून सणाआधी पंचेचाळीस दिवसांच्या आत शेंड्याला हात लावायचा नाही. रोप फार उंच झालं म्हणून अर्ध्यावर कापायचा मोह होईल, तोही आवरा. खालचा दांडा आता लाकडी झाला आहे, तिथून फूट उशिरा निघते आणि फुलं थेट दिवाळीवर जातात.

खुडलेले शेंडे फेकू नका. त्यातले तीन इंचाच्या आसपासचे, कळी नसलेले शेंडे निवडा, खालच्या अर्ध्या भागातली पानं काढा आणि ओल्या कोकोपीटमध्ये किंवा धुतलेल्या वाळूत दीड इंच खोल खोचा. सावलीत, पण उजेड असलेल्या जागी ठेवून वाळू ओलसर राहील एवढंच पाणी द्या. दहा ते चौदा दिवसांत मुळं धरतात. हलक्या हाताने ओढून पाहा, शेंडा अडला तर मुळं आलीत असं समजा. ही कलमं महिनाअखेरीच्या आत आठ इंची कुंडीत लावलीत तर ८ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाच्या सुमारास त्यांना फुलं येतील. कलमाचं रोप बुटकं राहतं, आणि कुंडीसाठी ते चांगलंच.

तिसरं, आता गरज स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशची (पोटॅश) आहे. इथे नाशिककरांची सोय आहे. द्राक्षबागांमुळे आपल्याकडच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात पाण्यात विरघळणारी खतं सहज मिळतात. ०:५२:३४ हे खत (आकडे क्रमाने नत्र, स्फुरद आणि पालाशच्या टक्क्यांचे) एक लिटर पाण्यात २ ग्रॅम विरघळवून सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. दहा दिवसांच्या अंतराने तीनदा पुरे. २ ग्रॅम म्हणजे अर्ध्या चमच्यापेक्षाही कमी, अंदाजाने घालू नका. दागिने तोलायचा छोटा वजनकाटा घरात असेल तर तो वापरा. फुलं उमलू लागली की फवारणी थांबवा, पाकळ्यांवर डाग पडतात. चुलीची राख पालाशसाठी बरेच जण सुचवतात, पण आपली काळी माती आधीच चुनखडीची आणि अल्कधर्मी असते. राखेने ती आणखी तशीच होते आणि लोह रोपाला मिळेनासं होतं. तुमच्या मातीत राख नकोच.

आता माना टाकलेल्या रोपांकडे. ती काढणारच असाल तर उपटून नीट बघा, कारण उरलेल्या सहांचं काय होणार ते तिथेच कळतं. मातीच्या रेषेवर बुंधा तपकिरी पडून मऊ झाला असेल तर बुडकूज. मग मुळं पाण्यात धुवा आणि एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढा. वरची साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि आत पांढरा दोरा उरला, तर मुळं कुजली आहेत. निरोगी मूळ पांढरट असतं, टणक लागतं आणि त्याची साल सुटत नाही. काळी माती ओली झाली की फुगून तिच्यातल्या पोकळ्या बंद होतात, मुळांना हवा मिळत नाही आणि जमिनीतल्या बुरशीला रान मोकळं होतं. मुळंच गेली की रोप भर ओल्या मातीत कोमेजतं. घरातल्या माणसाला वाटतं तहान लागली, तो आणखी पाणी घालतो. कुंडीतला झेंडू असाच सर्वात जास्त मरतो. म्हणून मान टाकलेलं रोप दिसलं की आधी बोट मातीत दोन पेरं खाली घालून बघायचं. खाली ओल असेल तर पाण्याचा तांब्या बाजूला ठेवायचा.

उरलेल्या सहा कुंड्यांखालच्या थाळ्या काढा आणि कुंड्या दोन विटांवर उचलून ठेवा. तळाची भोकं सळईने मोकळी करा, काळी माती ती हमखास बुजवते. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक एक लिटर पाण्यात अडीच ग्रॅम मिसळून प्रत्येक कुंडीत पाव लिटर बुंध्याभोवती ओता. हातमोजे घाला आणि त्या दिवशी मुलांना गच्चीवर येऊ देऊ नका. ट्रायकोडर्माही (रोगाच्या बुरशीला रोखणारं जैविक औषध) चांगला आहे, पण तो स्वतः बुरशी आहे आणि तांब्याच्या औषधाने मरतो, त्यामुळे दोन्हींत किमान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. मेलेल्या दोन रोपांची माती दुसऱ्या कुंडीत टाकायची नाही. ती पोत्यात भरून ठेवा आणि मे महिन्यात पातळ पारदर्शक प्लास्टिकखाली चार-पाच आठवडे उन्हात तापवा, म्हणजे पुन्हा वापरता येईल.

कळ्या काळ्या पडण्याची कारणं तीन असू शकतात. एक वाळलेली कळी तोडून ब्लेडने उभी चिरा. आत पोखरलेली जागा आणि ओलसर काळपट विष्ठा दिसली, बाहेर गोल भोक असलं, तर ती घाटेअळी. निफाड-दिंडोरीकडच्या टोमॅटोच्या शेतात हीच अळी फळं पोखरते आणि तिला झेंडूची कळी इतकी आवडते की टोमॅटोच्या चौदा-सोळा ओळींमागे एक ओळ झेंडूची लावायची पद्धत आहे, म्हणजे पतंग अंडी झेंडूवर घालतात. तुमच्या गच्चीवर टोमॅटो नसला तरी झेंडू तिला खुणावणारच. सहा रोपांसाठी औषध लागत नाही, रोज सकाळी कळ्या बघून अळी वेचून काढणं पुरतं.

चिरलेली कळी आतून कोरडी, तपकिरी, कागदासारखी निघाली आणि खालच्या पानांवरही जांभळट तपकिरी गोल ठिपके असले तर तो करपा. पावसाळ्यात पानं तासन्‌तास ओली राहिली की तो येतो. डाग पडलेली पानं आणि सगळ्या काळ्या कळ्या तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. मग मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम, पाऊस उघडल्यावर, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. तिसरं कारण फुलकिडे. पांढऱ्या कागदावर कळी टिचकीने झटका, जिऱ्याहून बारीक, लांबट, फिकट किडे चालताना दिसले तर तेच. त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे टांगा आणि १०,००० पीपीएमचं कडुनिंबाचं अर्क-औषध लिटरला २ मिली, सोबत चार थेंब भांडी घासायचं द्रव साबण घालून, संध्याकाळी फवारा. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून आमचा पहिला संशय करप्यावर आहे, पण कळी चिरल्याशिवाय औषध आणू नका. अळीवर बुरशीनाशक काही करत नाही आणि करप्यावर कडुनिंब पुरत नाही.

आणखी एक गोष्ट ऑक्टोबरची. पाऊस थांबून ऊन तापलं की लाल कोळी येतो. पानं धुरकट, बारीक पिवळे ठिपके पडल्यासारखी दिसतात, आणि प्रादुर्भाव वाढला की कळ्यांभोवती जाळी होते. सुरुवातीला पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा तीन दिवस रोज सकाळी मारला तरी भागतं. नाहीच आटोक्यात आलं तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, फक्त संध्याकाळी. भर उन्हात गंधकाने पानं करपतात, आणि कडुनिंबाच्या तेलानंतर दोन आठवड्यांच्या आत गंधक मारलं तरी तसंच होतं.

आता तुमची रोपं उंच का झाली आणि फुलली का नाहीत ते सांगतो. युरिया हे त्याचं अर्धंच कारण. उंच वाढणारा मोठ्या फुलांचा झेंडू, ज्याला आफ्रिकन म्हणतात (मूळचा तो मेक्सिकोचा), दिवस मोठे असताना पानं वाढवतो आणि दिवस लहान होऊ लागले की लवकर कळी धरतो. जूनच्या अखेरीस नाशिकचा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, २३ सप्टेंबरच्या सुमारास बारा तासांवर येतो. तुम्ही वर्षातल्या सर्वात मोठ्या दिवसांत पेरलंत, शेंडा खुडला नाहीत आणि वर नत्र दिलंत. रोपाला उंच होण्याशिवाय दुसरं काही करायचं कारणच उरलं नाही. गच्चीवर रात्रभर दिवा जळत असेल तर त्याच्या थेट उजेडातल्या कुंड्या हलवा. या झाडाला रात्रीचा अंधार लागतो.

आणि बी तोरणातलं. बाजारात येणारा भरगच्च झेंडू बहुतेक वेळा संकरित बियाण्याचा असतो. त्याच्या पुढच्या पिढीत आईसारखं फूल सगळ्या रोपांना येत नाही. काही रोपं एकेरी पाकळ्यांची निघतात, काही उंच वाढतात आणि उशिरा फुलतात, क्वचित एखाद्याला पाकळ्याच नसतात. तोरणातलं एक फूल उघडून बघा. ज्याला आपण पाकळी म्हणतो ती एकेक स्वतंत्र छोटं फूल असतं. तिला ओढून काढलं की खाली पांढरी कोवळी काडी, म्हणजेच बी, दिसते, आणि ती पिकून काळी व्हायला फूल झाडावरच वाळावं लागतं. तोरणातली फुलं उमलल्याबरोबर तोडलेली असतात, त्यामुळे त्यातलं बी बरंचसं पोकळ राहतं. तुमच्याकडे उगवलं ते त्यातलं जे भरलं होतं ते. यंदा सहांतली दोन-तीन रोपं एकेरी फुलांची निघाली तर वाईट वाटून घेऊ नका, तोरणात ती आंब्याच्या पानांमध्ये बरी दिसतात.

पुढच्या वर्षीसाठी दसऱ्यापासून मागे मोजा. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, यंदा अधिक मासामुळे २० ऑक्टोबरला आहे. म्हणजे पेरणीची तारीखही अठरा दिवसांनी पुढे सरकते, आणि पहिल्या पावसावर पेरणाऱ्यांचं गणित नेमकं इथेच चुकतं. आफ्रिकन झेंडू, विकतच्या संकरित बियाण्याचा, सणाआधी ९० दिवस पेरायचा. २० ऑक्टोबरचा दसरा असेल तर पेरणी २२ जुलैच्या आसपास, २ ऑक्टोबरचा असेल तर ४ जुलैच्या. बुटक्या, छोट्या फुलांच्या फ्रेंच झेंडूला ६० ते ६५ दिवस पुरतात आणि दिवसाच्या लांबीने त्याचं फारसं बिघडत नाही, त्यामुळे पहिल्यांदा लावणाऱ्याला आम्ही तोच सांगतो. तुम्ही आज फ्रेंचचं पाकीट आणून पेरलंत तरी दिवाळीला फुलं येतील.

कुंडीत निव्वळ काळी माती घालू नका. काळी किंवा पोयटा माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग आणि जाडसर वाळू एक भाग, आणि बारा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. हे मिश्रण हातात दाबलं की गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोचलं की फुटायला हवा. फुटला नाही तर आणखी वाळू घाला. आफ्रिकनला बारा इंची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग, फ्रेंचला आठ इंची, आणि दोन्हींत एकच रोप. एका कुंडीत तीन रोपं लावली की तिन्ही उंच आणि काटकुळी होतात, फुलं मिळून एका रोपाइतकीच येतात.

बी ट्रेमध्ये किंवा कागदी कपात पेरा. कपाच्या तळाला भोक हवं. अर्धा सेंटीमीटर खोल, वर बारीक कोकोपीटचा थर, पाणी फवाऱ्याने. जुलैच्या हवेत चौथ्या ते सातव्या दिवशी उगवतं. उगवल्याबरोबर कप उन्हात आणा, सावलीत ठेवलेलं रोप दोन दिवसांत लांबडं होऊन लोळतं. या वयात रोपांचा बुंधा मातीशी बारीक होऊन ती आडवी पडू लागली तर ती मर आहे; वर पाणी कमी करा, कप पावसाच्या आडोशाला आणा आणि वारा खेळू द्या. पडलेलं रोप वाचत नाही. पावसाळ्यात रात्री गोगलगायी कोवळी पानं फस्त करतात, टॉर्च घेऊन वेचून काढा. मीठ टाकायचं नाही, ते मातीत उतरतं.

पंचविसाव्या दिवसाच्या आसपास, चार-पाच खरी पानं (उगवतानाची पहिली दोन सोडून) आली की संध्याकाळी कुंडीत लावा. झेंडूचा दांडा मातीत गाडला तर त्याला तिथेही मुळं फुटतात, म्हणून लांबडं रोप पहिल्या पानांपर्यंत खोल लावलं तरी चालतं. लावल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, सहा-सात पानांच्या जोड्या असताना, शेंडा खुडा. हे एक काम टाळलं की एक उंच दांडा आणि टोकाला एकच फूल येतं, आणि खुडलं की आठ-दहा फांद्या. त्याच दिवशी बांबूची कामटी रोवून रोप सैल बांधा. भरगच्च फुलं पावसाच्या पाण्याने जड होतात आणि फांदी बुंध्यापाशी चिरते.

खत शेंडा खुडेपर्यंत १९:१९:१९, लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. त्यानंतर वर सांगितलेलं ०:५२:३४. सोबत महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत. एवढ्यावर थांबा.

पाणी वरचा एक इंच वाळल्यावरच, बुंध्याशी, सकाळी. पावसाळ्यात आठवडाभर पाणी घालावं लागलं नाही तर घालू नका. ऑक्टोबरमध्ये गच्चीवर रोज लागेल. बोअरचं पाणी देत असाल आणि नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडू लागली, कुंडीच्या काठावर पांढरी खार दिसली, तर लोह मिळत नाहीये. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम, दोनदा फवारा, आणि जमेल तेव्हा पिंपात धरलेलं पावसाचं पाणी द्या.

तोरणाचा हिशेबही आधीच करून ठेवा. तीन फुटांच्या दारासाठी मध्ये आंब्याची पानं घेतली तर वीस ते पंचवीस मोठी फुलं लागतात. शेंडा खुडलेल्या, नीट भरलेल्या एका रोपावर एका वेळी आठ-दहा फुलं तोडण्याजोगी मिळतात. तुमच्या सहा रोपांवर यंदा एकत्र एवढी फुलं येतीलच असं नाही, म्हणून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नर्सरीतून कळ्या धरलेली चार-पाच फ्रेंच झेंडूची रोपं आणून ठेवा. उमललेल्या फुलांचं रोप घेऊ नका. ती फुलं दसऱ्याच्या आधीच संपतील. वाटाण्याएवढी कळी पूर्ण उमलायला दोन ते तीन आठवडे लागतात, त्या मापाने निवडा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, दव वाळल्यावर, पूर्ण उमललेली फुलं छोट्या देठासकट तोडा. परडीत ओलसर सुती कापडावर एका थरात ठेवा, फुलांवर पाणी शिंपडू नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. मधोमध कोंडलेल्या ओलीने पाकळ्या एका रात्रीत तपकिरी होतात. तोडल्यावर उरलेली सुकलेली फुलं काढत राहिलात तर तीच रोपं डिसेंबरपर्यंत फुलतात. निफाडकडे पारा उतरतो तेव्हा शहरातही रात्रीचा गारठा वाढतो आणि नव्या कळ्या मंदावतात. त्या दिवसांत खत देऊन काही होत नाही.

बी धरायचं असेल तर यंदाच्या रोपांतलं एक बुटकं, लवकर फुललेलं, भरगच्च फुलांचं रोप निवडा आणि त्यावरची तीन-चार फुलं तोडूच नका. फुलाखालचा हिरवा पेला तपकिरी होऊन देठ वाळला की काढा. त्यातल्या काळ्या, कडक, नखाने न वाकणाऱ्या काड्या ठेवा, पिवळट चपट्या टाकून द्या. आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पाकिटात घाला, वर रंग, उंची आणि तारीख लिहा. पेरायच्या आठवडाभर आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सातव्या दिवशी सहापेक्षा कमी उगवल्या तर कपात एकाऐवजी दोन-दोन पेरा.